भोपळा ठेक्यावर का चालतो? बालकथांवरच्या गाणाऱ्या सिनेमांची जादू

लेकीकडून परत निघालेली म्हातारी भोपळ्यात बसते. वाटेत वाघ आडवा येतो आणि विचारतो, म्हातारी कुठं गेली? आतून उत्तर येतं: म्हातारी-बितारी मला नाही माहीत, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक. आणि भोपळा चालू लागतो. मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात ही गोष्ट सांगा, भोपळ्याला पाय कुठून आले असं एकही लेकरू विचारत नाही. आता तीच गोष्ट सांगताना शेवटचे पाच शब्द बातम्या वाचल्यासारखे सपाट आवाजात म्हणून बघा. लेकरू चुळबुळ करतं, 'तसं नाही, नीट म्हण' म्हणतं. ठेका सुटला की भोपळा जागच्या जागी थांबतो.

लहान मुलांच्या गोष्टींवर बेतलेले, गाण्यांनी भरलेले अद्भुत सिनेमे जगभर का आवडतात, आणि काढणारे गेले तरी पिढ्यान्‌पिढ्या का टिकतात, हे समजून घ्यायला हा भोपळा पुरेसा आहे. एल. फ्रँक बॉमच्या १९०० सालच्या पुस्तकावरून १९३९ मध्ये आलेला 'द विझार्ड ऑफ ऑझ', पी. एल. ट्रॅव्हर्सच्या गोष्टींवरचा १९६४ चा 'मेरी पॉपिन्स', रोआल्ड डालच्या कादंबरीवरचा १९७१ चा 'विली वाँका अँड द चॉकलेट फॅक्टरी', आणि आपल्या देशातला सत्यजित राय यांचा १९६९ चा 'गुपी गाइन बाघा बाइन'. चौघांची जात एक. कुणीतरी छत्री उघडून आकाशातून उतरतं, कुठं चॉकलेटची नदी वाहते, कुठं भुतं नाचतात, आणि ऐन मोक्याला पात्रं बोलायचं सोडून गायला लागतात. मोठी माणसं याला 'पोरखेळ' म्हणून बाजूला सारतात. मला मात्र हा सिनेमातला सगळ्यात अवघड प्रकार वाटतो. त्यात लहानशी चूक झाली तरी सगळा डोलारा कोसळतो.

आधी गाण्याचं बघू. साधं बोलणं ऐकताना आपलं डोकं सतत पडताळत असतं: हे खरं का, असं होतं का, हा माणूस फसवत तर नाही? ठेका सुरू झाला की त्या डोक्याला दुसरं काम मिळतं. 'टुणूक' ऐकलं की कान पुढच्या 'टुणूक'ची वाट बघतो, ते बरोबर वेळेवर आलं की समाधान होतं, आणि उशिरा आलं तर जीव टांगणीला लागतो. लेनर्ड मेयर या संगीताच्या अभ्यासकानं १९५६ साली लिहिलेल्या ग्रंथात हाच विचार मांडला होता: संगीतातली भावना उपजते ती अपेक्षा निर्माण होण्यातून, ती लांबण्यातून आणि अखेर पुरी होण्यातून. गाणाऱ्या अद्भुत सिनेमात याचा एक मोठा फायदा होतो. ठेका बरोबर पडतोय, यमक जुळतंय, म्हणजे सगळं ठीक चाललंय, असा निर्वाळा कान देऊन टाकतो, आणि त्या आधारावर मन उडणारी माणसंही मान्य करतं.

आपल्याला हे नवीन नाही. आपेगावच्या कुलकर्ण्यांच्या घरातल्या मुक्ताबाईनं सातशे वर्षांपूर्वी 'मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्याशी' म्हटलं, तेव्हा ऐकणाऱ्यांनी मुंगीच्या तोंडाचं माप काढलं नाही. अभंगाच्या चालीवर ती मुंगी आजही उडते. लग्नानंतर दारात गोंधळ घालतात तेव्हाही हेच घडतं. संबळ वाजतो, तुणतुणं लागतं, तुळजापूरच्या भवानीला आणि माहूरच्या रेणुकेला आवतण जातं, मग आख्यान सुरू होतं. गोंधळी चार वाक्यं बोलतो, साथीदार मध्येच भाबडा प्रश्न विचारतो, आणि उत्तर बोलण्यात मावेनासं झालं की गाणं उसळतं. जांभूळ आख्यानात तोडलेलं जांभूळ पुन्हा देठाला जाऊन लागायचं असतं, आणि त्यासाठी पांडवांना, द्रौपदीला आपल्या मनातलं खरं काय ते बोलावं लागतं. अशी अशक्य गोष्ट, तिला घातलेली कडक अट आणि अट पुरी होताना वाजणारा संबळ, एवढ्यात या सगळ्या सिनेमांचं व्याकरण आलं.

तपकिरी रान आणि रंगीत दार

'ऑझ'ची सुरुवात कॅन्ससमधल्या एका शेतावर होते. बॉमच्या पुस्तकात तो सगळा प्रदेश करडा आहे. उन्हानं जमीन भेगाळलेली, गवत भाजलेलं, घराचा रंग पापुद्रे धरून उडालेला. सिनेमात हा भाग तपकिरी छटेत आहे. मे महिन्यात गेवराईकडून अंबडकडं जाताना काचेबाहेर जे दिसतं, त्याच्या फार लांबचं हे दृश्य नाही. डोरोथी ही पोरकी मुलगी काकूला काहीतरी सांगायला धावत येते, पण घरातली मोठी माणसं पिल्लं मोजण्यात गुंतलेली असतात. जा बाई, कुठंतरी गुपचूप बस, असं तिला सांगितलं जातं. सुगीच्या दिवसांत आपल्याकडच्या किती लेकरांनी हे ऐकलं असेल! मग ती गवताच्या भाऱ्याला टेकून इंद्रधनुष्याच्या पलीकडच्या देशाचं गाणं म्हणते.

या गाण्यापाशी जरा थांबलं पाहिजे. हॅरॉल्ड आर्लेननं त्याची चाल बांधली, शब्द यिप हार्बर्गचे. पहिला शब्दच दोन सुरांत आहे, आणि दुसरा सूर पहिल्याच्या बरोबर एक सप्तक वर आहे. म्हणजे 'सा'वरून थेट वरच्या 'सा'वर उडी. पेटीवर वाजवून बघा. मधले सूर वाटेत लागतच नाहीत, पोरगी जमिनीवरून एकदम आकाशात जाते. पुढं गाण्याच्या मधल्या भागात मात्र चाल दोनच सुरांवर झुलत राहते, बडबडगीतासारखी. मोठ्या माणसाची ओढ आणि लहान मुलाचा झोका एकाच गाण्यात बसवलाय. सुरुवातीच्या चाचणी खेळांनंतर, गोष्ट रेंगाळते म्हणून, हेच गाणं कापायचं स्टुडिओतल्या काहींच्या मनात होतं. ते राहिलं आणि त्याला ऑस्कर मिळालं. ते कापलं असतं तर पुढचा सगळा रंगीत देश नुसता देखावा ठरला असता, असं माझं ठाम मत आहे. कारण त्या गाण्यात मुलीची मागणी आहे. तिनं आधी मागितलं, म्हणून पुढं जे दिसतं ते तिला मिळालेलं वाटतं. संगीत नाटकं रचणारे लोक सुरुवातीलाच नायकाला त्याच्या इच्छेचं एक गाणं देतात ते यासाठीच.

वावटळीत घर उडतं, आपटतं, डोरोथी दार उघडते आणि बाहेर पहिल्यांदा रंग दिसतात. हे दृश्य कसं घेतलं ते कळल्यावर मला ते आणखी आवडायला लागलं. तिथं तपकिरी फिल्म संपून रंगीत फिल्म सुरू होत नाही. सगळं दृश्य रंगीत फिल्मवरच आहे. घराच्या आतल्या भिंती तपकिरी रंगानं रंगवल्या होत्या. दार उघडणारी मुलगी म्हणजे तपकिरी कपडे घातलेली, पाठमोरी, दुसरीच कुणीतरी. दार उघडून ती बाजूला सरते, कॅमेरा पुढं जातो आणि निळ्या झग्यातली, डोरोथी झालेली जुडी गार्लंड चौकटीतून बाहेर पडते. त्या काळी टेक्निकलर या रंगीत चित्रणाच्या पद्धतीचा कॅमेरा आत येणारा उजेड फोडून तीन वेगळ्या फिल्मवर घेई, त्यामुळं सेटवर प्रचंड दिवे लावावे लागत आणि तिथं भट्टीसारखं तापत असे. एवढ्या खटाटोपातून पडद्यावर आलं ते एक उंबरठा ओलांडणं. आपल्या कहाणीत 'आटपाट नगर होतं' एवढे तीन शब्द तेच काम करतात. इथून पुढं आपले नियम चालणार नाहीत, त्या नगराचे चालतील, हे ऐकणाऱ्याला कळतं.

जादूला अट लागते

आता नियमांचं. अद्भुत म्हणजे काहीही चालतं, असा एक समज आहे. तसे सिनेमे मुलांनासुद्धा कंटाळवाणे होतात. कुणीही केव्हाही काहीही करू शकत असेल तर काळजी कसली करायची?

'गुपी गाइन बाघा बाइन' ही मूळ गोष्ट राय यांच्या आजोबांची, उपेंद्रकिशोर रायचौधुरींची. लहान मुलांसाठी काढलेल्या 'संदेश' मासिकात १९१५ साली ती आली. मुलासाठी, संदीपसाठी, राय यांनी तिच्यावर सिनेमा केला, आणि गाणी स्वतः लिहून त्यांना चालीही स्वतःच दिल्या. गुपीला गायची भारी हौस पण गळा भेसूर. बाघाला ढोल वाजवायची हौस पण हात बेताल. दोघांनाही आपापल्या गावातून हाकलून दिलंय. जंगलात त्यांना भुतांचा राजा भेटतो आणि तीन वर देतो. हवं ते खायला-ल्यायला मिळेल, जादूचे जोडे घालून हवं तिथं जाता येईल, आणि त्यांचं गाणं-वाजवणं ऐकणारे जागच्या जागी खिळून राहतील. अट एकच. जेवण मागताना किंवा कुठं जाताना दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी द्यायची. एकट्याच्या टाळीनं काही होत नाही.

बंगालीचं अक्षरही न कळणाऱ्या मुलांना हा सिनेमा दाखवताना मी पाहिलंय, ही अट त्यांना सगळ्यांत आधी समजते. दोघांची ताटातूट झाली, एक कोठडीत आणि दुसरा बाहेर अडकला की मुलं पुढं सरकून बसतात. तोवर ती नुसती हसत असतात. टाळी अडली की त्यांच्या जिवाला घोर लागतो, आणि पुन्हा जमली की वर्गातली मुलंच एकमेकांना टाळ्या देतात.

भुतांचा नाच साडेसहा मिनिटांचा आहे. त्यात चार जातींची भुतं आहेत: राजे, साधी माणसं, गोरे साहेब आणि ढेरपोटे. प्रत्येक टोळीला दाक्षिणात्य तालवाद्यांतलं एकेक दिलंय, मृदंग, घटम, कंजिरा, मोरचंग. गाणं नाही, शब्द नाही, नुसता ताल. आधी ते डौलात नाचतात, मग भांडतात, मग एकमेकांना संपवतात. भूतराजाचा आवाज खुद्द राय यांचा आहे, यंत्रातून बदललेला. पैसे कमी पडल्यामुळं सगळा सिनेमा रंगीत करता आला नाही, म्हणून फक्त शेवट रंगीत आहे.

पण मला भुतांच्या नाचाहून मोठं वाटतं ते युद्धाचं दृश्य. राजाच्या फौजा उंटांवर चढून लढाईला निघणार. सैनिक उपाशी, हडकुळे. गुपी-बाघा गायला लागतात आणि आकाशातून मिठायांची मडकी उतरतात. हत्यारं टाकून सैन्य त्या मडक्यांकडं धावतं. युद्ध थांबतं. गाणं इथं गोष्टीच्या मध्ये आलेला विसावा राहत नाही, गोष्टीतली सगळ्यात मोठी घटना गाण्यानंच घडते. चांगला गाणारा सिनेमा ओळखायचा असेल तर मी एवढंच तपासतो: गाणं काढून टाकलं तर गोष्ट पुढं सरकते का? सरकत असेल तर ते गाणं उपरं आहे.

याच जोडगोळीचा पुढचा सिनेमा 'हीरक राजार देशे' १९८० मध्ये आला. त्यात जवळजवळ सगळी पात्रं यमकात बोलतात. राजा यमकात, दरबारी यमकात, राजानं मेंदू धुऊन पढवलेले शेतकरी आणि खाणमजूरही यमकात. साध्या गद्यात बोलतो तो फक्त शाळामास्तर. राजानं ज्याची शाळा बंद केलीय, पुस्तकं जाळलीत, तो. लहान मुलाला यातली गंमत ऐकू येते. आणीबाणी पाहिलेल्या माणसाला त्याच यमकातून दुसरं काही ऐकू येतं. जे सगळे एका सुरात बोलतात त्यांना ते शिकवलेलं असतं, आणि जो विचार करतो त्याचं यमक जुळत नाही. हे न समजावता, निव्वळ बोलण्याच्या ठेक्यातून सांगितलंय. मोठ्यांना हे सिनेमे का धरून ठेवतात याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडं नाही.

भूक आणि कारखाना

या गोष्टींमध्ये खाणं एवढं का असतं? म्हातारीची तूपरोटी, गुपी-बाघाची मिठाई, वाँकाचं चॉकलेट. कारण या गोष्टी ज्यांच्यात जन्मल्या त्यांना पोटभर मिळत नव्हतं, किंवा न मिळण्याचे दिवस आठवत होते. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात गोड पदार्थांवर आलेलं रेशनिंग १९५३ पर्यंत टिकलं. डालचं पुस्तक १९६४ चं. तो रेप्टनच्या शाळेत असताना कॅडबरीवाले नवी चॉकलेटं मुलांना चाखायला पाठवत, ती आठवण त्याच्या मनात होती. त्याचा चार्ली ज्या घरात राहतो तिथं चार आजी-आजोबा एकाच पलंगावर पडून असतात आणि जेवायला कोबीचं पाणचट सूप. शेजारी विली वाँकाचा, जगातला सगळ्यात मोठा चॉकलेटचा कारखाना. फाटक बंद. वास तेवढा बाहेर येतो.

बीड जिल्ह्यातल्या मुलाला हे कारखान्याचं फाटक वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दिवाळीच्या पुढंमागं ऊसतोडीची टोळी निघते, आई-बाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, कितीतरी मुलं त्यांच्याबरोबर जातात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, फडातच राहतात. मोळ्या बांधून होतात, गाडी भरते, कारखान्यासमोर रांग लागते. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, ट्रॅक्टरवरची गाणी, धुराड्यातला धूर आणि मळीचा तो उग्र वास. ऊस आत जातो, पोत्यातून साखर बाहेर येते. मधे काय होतं ते त्या मुलांनी बघितलेलं नसतं. गाळप चालू असताना त्यांना आत कोण सोडणार? म्हणून वाँका जेव्हा फाटक उघडतो तेव्हा मराठवाड्यातल्या मुलासाठी तो फक्त परदेशी चमत्कार नसतो. आपल्याच श्रमातून तयार होणारी गोड वस्तू आतून बघायला मिळण्याची ती गोष्ट असते.

चॉकलेटच्या दालनात मुलं पहिल्यांदा शिरतात ते दृश्य चित्रित होईपर्यंत दिग्दर्शक मेल स्टुअर्टनं बालकलाकारांना तो सेट दाखवला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावरचं नवल म्हणूनच खरं वाटतं. गाणंही धांगडधिंग्याचं नाही, संथ आहे. जीन वाइल्डरचा वाँका ते जवळजवळ कुजबुजत म्हणतो. एवढं भव्य दालन, आणि गाणं मात्र कानात सांगितल्यासारखं. नंतर एकेक हावरट मूल आपल्या हव्यासापायी बाहेर पडतं, आणि दर वेळी कामगार बुटके तीच चाल नव्या शब्दांत म्हणतात. दुसऱ्या वेळेपासून मुलं त्या चालीची वाट बघायला लागतात. शिक्षा कडक आहे, पण तिला ठरलेला ठेका मिळाल्यानं ती सोसवते.

भीतीचंही तसंच. 'ऑझ'मधली हिरवी चेटकीण मार्गारेट हॅमिल्टननं केली. ती आधी बालवाडीची शिक्षिका होती. चेटकीण इतकी भयंकर वठली की तिची काही दृश्यं कापावी लागली. ब्रुनो बेटलहाइम या मानसशास्त्रज्ञानं १९७६ मधल्या पुस्तकात असं मांडलं की परीकथेतल्या राक्षस-चेटकिणी मुलांच्या आतल्या, नाव नसलेल्या भीतीला रूप देतात, आणि रूप मिळालं की तिला हरवताही येतं. मराठी बालरंगभूमीनं हे कधीच ओळखलं होतं. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर सुरू केलं, आणि रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी, अलीकडं वैभव मांगलेंनी गाजवली. ती गाते, नाचते, मुलांशी भांडते. घाबरलेलं मूल आईच्या मांडीत तोंड लपवतं आणि बोटांच्या फटीतून बघत राहतं. भीती पूर्ण काढून टाकलेले हल्लीचे कार्टून सिनेमे मला म्हणूनच मुलांशी अप्रामाणिक वाटतात.

तंत्राबद्दल थोडं. 'मेरी पॉपिन्स'मध्ये माणसं चितारलेल्या पेंग्विनबरोबर नाचतात. ते आज संगणकावर होतं, तेव्हा पिवळ्या दिव्यांवर झालं. आपल्याकडच्या रस्त्यांवर एलईडी यायच्या आधी जे पिवळे सोडियमचे दिवे असायचे, त्यांच्याच कुळातले. सिनेमातल्या या दिव्याचा उजेड वर्णपटाच्या अगदी अरुंद पट्टीत बसतो. नट साध्या उजेडात उभा राहायचा, मागचा पडदा सोडियमच्या उजेडात. कॅमेऱ्यातला खास लोलक तेवढा पिवळा उजेड वेगळा काढून दुसऱ्या फिल्मवर पाठवायचा. एका फिल्मवर माणूस, दुसरीवर त्याची नेमकी बाह्यरेषा. त्यामुळं टोपीची झिरझिरीत जाळी, विस्कटलेले केससुद्धा स्वच्छ सुटे निघायचे. पेट्रो व्लाहोसनं बसवलेली ही पद्धत. त्या सिनेमाला पाच ऑस्कर मिळाले, त्यांत एक दृश्य-करामतींचं होतं. अद्भुत कचकड्याचं दिसलं की मूल लगेच ओळखतं, म्हणून एवढा आटापिटा.

गंमत म्हणजे यातले दोन सिनेमे आले तेव्हा धो धो चालले नव्हते. 'ऑझ'चा खर्च इतका होता की पहिल्या फेरीत नफा झाला नाही. अमेरिकेत १९५६ मध्ये तो टीव्हीवर दाखवला आणि पुढं दरवर्षीचा रिवाज झाला, तेव्हा तो घराघरात पोचला. 'वाँका'चंही टीव्ही आणि व्हिडिओनंच भलं केलं. मुलं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागतात, हे त्यामागचं कारण. पुढं काय होणार हे ठाऊक असणं ही त्यांची मजा असते, आणि गाणं ही पुन्हा बघण्याची सगळ्यात चांगली सबब. आपल्याकडं नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा. मालिका जपानी, गोष्ट किपलिंगची, शीर्षकगीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजची. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले आज चाळिशीत आहेत. एखाद्या लग्नाच्या पंगतीत पहिली ओळ गुणगुणा, चार जण पुढची म्हणतील.

या सिनेमांत खोटही आहे. वाँकाचे बुटके कामगार पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत आफ्रिकेतून आणलेले काळे लोक होते. टीका झाली, आणि १९७३ च्या आवृत्तीत डालनं ते बदललं. सिनेमानं त्याआधीच त्यांना नारिंगी कातडी आणि हिरवे केस दिले होते. तरी एक मालक, त्याच्या कारखान्यातच राहणारे, मजुरीत कोको घेणारे मजूर, आणि ते सदा गात असणं, हे उरतंच. टोळीबरोबर फिरलेल्या मुलाला हे खटकलं तर त्याला गप्प करू नये. मूळ लेखकांनाही हे सिनेमे सगळे आवडले नाहीत. ट्रॅव्हर्सबाईंना कार्टूनचा भाग पसंत नव्हता, डालला वाँका पटला नव्हता. दोघांच्या पुस्तकांतला कडवटपणा पडद्यावर पातळ झाला, ही त्यांची तक्रार रास्त आहे.

आपल्याकडं असा सिनेमा का नाही

मराठीत मुलांवरचे चांगले सिनेमे कमी नाहीत. 'श्वास', 'टिंग्या', 'फँड्री', 'एलिझाबेथ एकादशी', 'किल्ला'. पण ते सगळे वास्तवातले. बैल विकला जातो, डोळे जातात, जात आडवी येते. हे सिनेमे हवेतच. पण ज्या मुलाच्या वाट्याला वास्तव आधीच भरपूर आलंय, त्याला पडद्यावर दुसरं काही बघण्याचा हक्क आहे, आणि मराठी सिनेमानं तो फारसा मानलेला नाही. खर्चाचं कारण खरं आहे, पण काळ्या-पांढऱ्या फिल्मवर भुतं नाचवून राय यांनी त्याला उत्तर दिलेलं आहे.

गोष्टींचा तुटवडा तर नक्कीच नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर सहा सुळ्यांचा हत्ती आहे, आणि पहिल्या लेण्यात राजपुत्राची गोष्ट सांगताना मधोमध नर्तकी आणि तिचं वाजवणारं मंडळ रंगवलंय. पैठणची तर गोष्ट अशी: सातवाहन राजाच्या पदरी गुणाढ्य नावाचा पंडित होता. त्यानं पैशाची नावाच्या प्राकृत भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजानं ती भाषा हलकी म्हणून नाकारली. गुणाढ्य डोंगरावर गेला, अग्निकुंड पेटवलं, आणि एकेक पान पशुपक्ष्यांना मोठ्यानं वाचून दाखवून आगीत टाकू लागला. हरणं, डुकरं, पाखरं चरायचं सोडून भोवती बसून रडत ऐकत राहिली. ती इतकी वाळली की राजाच्या मुदपाकखान्यात येणाऱ्या मांसात कस उरला नाही आणि राजा आजारी पडला. पारध्यांनी कारण सांगितलं तेव्हा राजा धावत गेला. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. उरलेल्या एक लाखातून आलेल्या कथा अकराव्या शतकात सोमदेवानं कथासरित्सागरात संस्कृतात सांगितल्या, हा प्रसंगही तिथलाच. त्यात उडणारी यंत्रं आहेत, विद्याधर आहेत, लाकडी माणसांचं नगर आहे. संबळाच्या ठेक्यावर हरणं बसलेली, गुणाढ्य गातोय, आणि गायलेलं प्रत्येक पान आगीत जातंय, असा सिनेमा जायकवाडीच्या काठावर कुणी करायला घेतला तर त्याला गाणी बाहेरून आणावी लागणार नाहीत.

तोवर जे आहे ते दाखवावं. शाळेत नाहीतर वाड्यावर प्रोजेक्टर लावून मुलांना पहिल्यांदा यातलं काही दाखवायचं असेल तर गुपी-बाघापासून सुरुवात करा. सव्वादोन तासांचा आहे, त्यामुळं भुतांच्या नाचानंतर थांबून लाह्या-गूळ वाटा आणि मग पुढं चालू करा. सुरुवातीला दहा वाक्यांत गोष्ट मराठीत सांगून ठेवा, विशेषतः टाळीची अट. चालू असताना भाषांतर करत बसू नका, गाण्यावर बोलू तर अजिबात नका. 'ऑझ' पावणेदोन तासांत संपतो, तो चौथी-पाचवीच्या पुढं ठीक. त्याहून लहानांना चेटकिणीच्या वेळी मोठ्या कुणाच्या तरी शेजारी बसवा. आणि संपल्यावर तात्पर्य विचारू नका. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कोण कुणाच्या हातावर टाळी देतंय तेवढं बघा.